कारखान्यातलं आणि ऑफिसातलं सॉफ्टवेअर सुटसुटीत करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टोअर, अकाउंट्स, डिस्पॅच, एचआर या विभागांत दिवसभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीन नव्याने आखणं हे आमचं काम. चाकण-भोसरी-वाळूजचे कारखाने आणि पुण्या-मुंबईची बॅक ऑफिसं इथून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून ते एकत्र केले. उदाहरणाला बहुतेक ठिकाणी जीआरएनची, म्हणजे आलेला माल आत घेतल्याची नोंद करणारी स्क्रीन घेतली आहे. ती जवळपास प्रत्येक कारखान्यात असते, आणि तिच्याबद्दलची तक्रारही.

१. रीडिझाइन म्हणजे नेमकं काय? नवे रंग, नवे आयकॉन, एवढंच ना?

रंग आणि आयकॉन सगळ्यात शेवटी येतात. आयएसओ ९२४१-११ या मानकात वापरसुलभतेची व्याख्या आहे: ठरावीक लोकांना, ठरावीक कामासाठी, ठरावीक परिस्थितीत ते काम नीट पूर्ण करता येतं का, त्याला किती वेळ आणि कष्ट लागतात, आणि करणारा समाधानी असतो का. यातल्या ‘ठरावीक’कडे लोक दुर्लक्ष करतात. गेटवरचा गार्ड उभ्याने, उन्हात, मागे ट्रकचा हॉर्न वाजत असताना नोंद करतो. अकाउंट्सवाल्या मॅडम एसीत बसून तीच नोंद तपासतात. दोघांना एकच स्क्रीन दिली तर ती दोघांपैकी कोणालाच धड बसत नाही.

२. कर्मचाऱ्यांना ते सॉफ्टवेअर वापरावंच लागतं. मग त्यावर पैसे का घालायचे?

वापरावंच लागतं म्हणूनच. बाहेरचं ॲप आवडलं नाही तर माणूस ते काढून टाकतो आणि कंपनीला निदान कळतं तरी. आतलं सॉफ्टवेअर कोणी सोडत नाही. त्याचा त्रास वेळेच्या, चुकांच्या आणि ओव्हरटाइमच्या रूपाने झिरपत राहतो आणि कुठल्याच हिशेबात दिसत नाही. अमेरिकेतल्या नायनेक्स या टेलिफोन कंपनीने मात्र हा हिशेब मांडला होता: ऑपरेटरचा प्रत्येक कॉलमागचा वेळ सरासरी एका सेकंदाने कमी झाला तर वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर वाचतील. याच कंपनीची पुढची गोष्ट प्रश्न ७ मध्ये आहे, आणि ती जास्त बोधक आहे.

३. सुरुवात कुठून करायची? आमच्याकडे तक्रारींची मोठी यादी तयार आहे.

यादी बाजूला ठेवा आणि काम करणाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. शक्य असेल तर पूर्ण शिफ्ट, आणि एकदा तरी महिनाअखेरीस.

स्क्रीनपेक्षा स्क्रीनच्या आजूबाजूला जास्त बघा. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या, टेबलाच्या काचेखाली ठेवलेली व्हेंडर कोडची प्रिंट, बाजूला उघडी असलेली एक्सेल, आणि ‘जरा पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर सांग रे’ म्हणून परचेसला केलेले फोन. सॉफ्टवेअरने जे करायला हवं होतं आणि केलं नाही, ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. स्टोअरकीपर आधी वहीत लिहून मग सिस्टीममध्ये भरत असेल तर त्याला आळशी म्हणू नका. बहुधा ट्रक रिकामा होत असताना पीओमध्ये नसलेला पार्ट निघतो, आणि सिस्टीम तिथेच अडून बसते. वही अडत नाही.

तक्रारींची यादी नंतर उपयोगी पडते, पण तिच्यात सवयीचे झालेले त्रास नसतात. ज्याला रोज चौदा क्लिक करायची सवय झाली आहे तो चौदा क्लिकची तक्रार करत नाही.

४. आम्ही विचारलं तर सगळे म्हणतात ‘ठीक आहे साहेब’. मग अडचणी कळणार कशा?

साहेबांनी विचारलं तर ‘ठीक आहे’च म्हणणार. दुसरं काय म्हणतील? शेजारी मॅनेजर उभा असताना कोणी सांगत नाही की मी स्टॉक जुळावा म्हणून शिफ्टअखेरीला खोटी ॲडजस्टमेंट टाकतो.

‘सॉफ्टवेअर कसं वाटतं’ असं विचारूच नका. ‘काल शेवटचा ट्रक कुठला आला, त्याची नोंद कशी केली ते करून दाखवा’ असं म्हणा. मत विचारलं की माणूस सांभाळून बोलतो, काम दाखवायला सांगितलं की मोकळा होतो. सुपरवायझरला नम्रपणे चहाला पाठवा. आणि जे दिसेल ते कोणाच्या नावावर न टाकता लिहा. एकाच्या जरी नावाने मेमो निघाला तरी पुढचा कोणी तोंड उघडणार नाही.

५. चाचणीसाठी किती लोक लागतात? आमच्याकडे चारशे युजर आहेत.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचा ‘चाचणीला पाच जण पुरतात’ हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. त्यामागचा हिशेब असा: एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात असं धरलं तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के दिसतात. लोक विसरतात ते एवढंच, की हे पाच जण एकसारखं काम करणारे हवेत. गार्ड, स्टोअरकीपर, क्वालिटी इन्स्पेक्टर आणि अकाउंटंट मिळून पाच घेतले तर तुम्ही प्रत्येक कामाची जेमतेम एकेका माणसावर चाचणी केली. प्रत्येक भूमिकेचे तीन ते पाच घ्या, दुरुस्ती करा, पुन्हा घ्या. एकदाच वीस जणांना बसवण्यापेक्षा हे बरं.

निवडताना कंपनी फक्त ‘हुशार पोरं’ पाठवते. नवा लागलेला एक आणि निवृत्तीला आलेला एक हट्टाने मागून घ्या.

६. एका स्क्रीनवर ऐंशी रकाने आहेत. ते पाच पायऱ्यांत, ‘पुढे-पुढे’ करत भरायला लावू का?

थांबा. आधी रकाने कमी करा, मग मांडणीचं बघू.

ऐंशीपैकी बरेच रकाने सिस्टीमला आधीच माहीत असलेली गोष्ट पुन्हा विचारतात. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. मग राज्य आणि पॅन वेगळे कशाला विचारायचे? आयएफएससी कोड भरला की बँक आणि शाखा कळते. ५ कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या व्हेंडरच्या ई-इन्व्हॉइसवर क्यूआर कोड असतो. त्यात विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, बिल नंबर, तारीख आणि रक्कम असते. गेटवर एक स्कॅनर दिला तर निम्मं टायपिंग संपतं, आणि ० ऐवजी ओ टाकण्याची चूकही.

उरलेल्यांपैकी काही रकाने कोणीच वाचत नाही. कुठल्या तरी ऑडिटच्या वेळी टाकलेले असतात, ऑडिटर गेला, रकाना राहिला. गेल्या वर्षभरातल्या नोंदी काढून बघा. ज्या रकान्यात सगळीकडे ‘एनए’, टिंब किंवा ‘१’ भरलेलं आहे तो रकाना गेलाच म्हणून समजा.

आता मांडणी. वर्षातून दोनदा करायचं काम असेल, जसं गुंतवणुकीची माहिती एचआरला देणं, तर पायऱ्या चांगल्या. माणसाला पुढचं आठवत नसतं, त्याला हात धरून न्यावं लागतं. पण रोज चाळीस जीआरएन करणाऱ्याला पायऱ्या देऊ नका. त्याला सगळं एकाच वेळी समोर हवं असतं, कारण चलनावर, म्हणजे मालाबरोबर आलेल्या कागदावर, माहिती वाट्टेल त्या क्रमाने असते. गच्च भरलेली पण नीट रांगेत लावलेली स्क्रीन त्याला त्रास देत नाही. बाहेरून आलेल्या डिझायनरला ती कुरूप वाटते, आणि तिथेच गडबड होते.

टॅब दाबून पुढे जाण्याचा क्रम कागदावरच्या क्रमाशी जुळवा. कार्ड, मोरान आणि न्यूएल या संशोधकांनी १९८० मध्ये कीबोर्ड-माउसच्या हालचालींचे सरासरी वेळ काढले. हात कीबोर्डवरून माउसकडे न्यायला ०.४ सेकंद, माउसने नेम धरायला १.१ सेकंद, परत यायला आणखी ०.४. एका रकान्यासाठी माउसला हात लावला की जवळपास दोन सेकंद गेली. टॅबला पाव सेकंदही पुरतो. जीआरएनमागे दहा वेळा माउस लागत असेल तर चाळीस जीआरएनमध्ये दिवसाला बारा-तेरा मिनिटं नुसती हात हलवण्यात जातात.

७. नवी स्क्रीन देखणी आहे, क्लिकही कमी आहेत, तरी काम हळू झालं. असं कसं?

असं होतं, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण नायनेक्सचंच आहे. तिथे टेलिफोन ऑपरेटरसाठी नवी वर्कस्टेशन घ्यायची ठरत होती. वेग वाढेल अशी अपेक्षा होती. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवुड यांनी ऑपरेटरच्या प्रत्येक हालचालीचा, ऐकण्याचा, बोलण्याचा वेळ मांडून उलटंच भाकीत केलं: नवं यंत्र किंचित हळू पडेल. प्रत्यक्ष चाचणीत तसंच झालं, कॉलमागे तीन-चार टक्के वेळ वाढला. ‘प्रोजेक्ट अर्नेस्टाइन’ म्हणून हा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

कारण बारीक आहे. नव्या यंत्रात कॉलच्या सुरुवातीचे काही कीस्ट्रोक वाचले होते. पण तेव्हा ऑपरेटर ग्राहकाचं बोलणं ऐकतच असे, हात मोकळेच असत, त्यामुळे तिथे वाचवून काही हाती लागलं नाही. उलट कॉलच्या शेवटी, जिथे सगळं त्या एका कीवर अडून असे, तिथे एक कीस्ट्रोक वाढला. म्हणून क्लिक मोजताना तो क्लिक कुठल्या वेळी होतो ते बघा. प्रिंटर चलन काढत असतानाचे तीन क्लिक फुकट असतात. ट्रक गेटवर उभा असतानाचा एक महाग पडतो.

८. चुका टाळायला ‘तुमची खात्री आहे का?’ अशी खिडकी टाकावी ना?

दिवसातून पन्नासदा येणारी खिडकी कोणी वाचत नाही. एंटरवर बोट आधीच तयार असतं.

ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेत जे झालं ते यासाठी मुद्दाम वाचण्यासारखं आहे. रेव्हलॉन कंपनीच्या कर्जदात्यांना फक्त व्याज, सुमारे ७८ लाख डॉलर, पाठवायचं होतं. बँक फ्लेक्सक्यूब हे सॉफ्टवेअर वापरत होती. (मुंबईच्या आय-फ्लेक्स कंपनीचं हे उत्पादन, पुढे ओरॅकलकडे गेलं.) मुद्दल बँकेच्या आतल्या खात्यातच ठेवायचं तर ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ अशा तिन्ही ठिकाणी ते खातं भरावं लागे. भरलं गेलं फक्त ‘प्रिन्सिपल’समोर. भरणारा आणि तपासणारा भारतातले, शेवटची मंजुरी अमेरिकेतून. तिघांनीही पाहिलं, तिघांनाही बरोबर वाटलं, आणि सुमारे ९० कोटी डॉलर बाहेर गेले. काही कर्जदात्यांनी पैसे परत केले, पण सुमारे ५० कोटींसाठी कोर्टात जावं लागलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल बँकेच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात फिरला.

गंमत म्हणजे इशारा आला होता. पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचं का, असं त्यात होतं. किती पैसे, ते मात्र नव्हतं. व्याज तर बाहेर जाणारच होतं, मग त्या वाक्यात शंका यावी असं काय होतं?

इशारा द्यायचाच तर त्यात आकडा लिहा, आणि नेहमीपेक्षा वेगळं काय ते लिहा: ‘या व्हेंडरची नेहमीची रक्कम दीड-दोन लाख, ही १८ लाख आहे.’ नेहमीसारखं असेल तेव्हा गप्प राहा. आणि परत फिरवता येण्याजोगं काम असेल तर इशाऱ्याऐवजी ‘रद्द करा’ द्या. तपासणारे वाढवून उपयोग नसतो. सगळे तीच गोंधळाची स्क्रीन बघणार असतील तर दोघांच्या जागी तिघांची एकच चूक होते.

९. सिस्टीम हळू आहे, लोक बटण दोन-तीनदा दाबतात आणि नोंदी दुप्पट होतात. ट्रेनिंग द्यावं का?

ट्रेनिंगने हे सुटत नाही. बटण दाबल्याचं दाबणाऱ्याला दिसलं नाही तर तो पुन्हा दाबणारच. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात ‘घेतलं’ एवढं दिसलं पाहिजे. दहा सेकंदांहून जास्त लागणार असेल तर किती झालं ते दाखवा आणि माणसाला दुसरं काम करू द्या. पहिल्या दाबानंतर बटण बंद करा. आणि हे फक्त स्क्रीनवर नको, सर्व्हरनेही तोच व्यवहार दुसऱ्यांदा नाकारला पाहिजे.

ब्रिटनच्या पोस्टातल्या ‘होरायझन’ सिस्टीममध्ये २०१५ साली डालमेलिंग्टन इथे नेमकं हे घडलं. स्क्रीन पुढे सरकेना म्हणून एंटर पुन्हा दाबलं गेलं, आणि दर वेळी तीच ८,००० पौंडांची रक्कम नव्याने नोंदली गेली. हिशेबात २४,००० पौंडांचा खोटा तुटवडा निघाला. त्याच सिस्टीमच्या आकड्यांवर विसंबून तिथल्या शेकडो पोस्टचालकांवर खटले भरले गेले होते. ‘युजरची चूक’ असं रिपोर्टमध्ये लिहिण्याआधी हे आठवावं.

१०. जुने लोक कोड टाइप करून थेट स्क्रीन उघडतात. ते नव्या मेन्यूला विरोध करतात. काय करावं?

कोड राहू द्या. एसएपी या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस ‘मिगो’ हा कोड टाइप करून माल आत घेतो, त्याला तीन टाइल्स ओलांडायला लावण्यात काय मिळवलं? नव्यांसाठी मेन्यू आणि जुन्यांसाठी कोड, दोन्ही एकत्र नांदू शकतात. मेन्यूतल्या प्रत्येक ओळीसमोर कोड बारीक अक्षरात दाखवला तर नवेही हळूहळू तो उचलतात.

सगळाच विरोध सवयीपोटी नसतो. नव्या स्क्रीनमध्ये त्यांची एखादी अडलेल्या वेळची वाट बंद झालेली असते. ती कुठली, ते विचारा (प्रश्न ४ च्या पद्धतीने).

११. सॉफ्टवेअर मराठीत करावं का?

शॉप फ्लोअर, गेट आणि स्टोअरसाठी हो. पण लेबलं मराठीत करणं हा सोपा भाग. शब्द तिथे बोलतात तेच ठेवा: चलन, गेटपास, रिजेक्ट, होल्ड. शासकीय कोशातला शब्द आणला तर लोक इंग्रजीवर परत जातात.

खरं काम पुढे असतं. इंग्रजीसाठी आखलेल्या रांगांची उंची देवनागरीला पुरत नाही, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ काही जुन्या फॉन्टमध्ये फुटतात, ते प्रिंटरवरही तपासा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला डेटा युनिकोडमध्ये आणल्याशिवाय शोधता येत नाही. टायपिंग कमीत कमी ठेवा, कारण इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड येणारे थोडे आणि मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारे जास्त. नावं शोधताना ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ दोन्ही सापडले पाहिजेत. रोमनमध्ये लिहिलेल्या ‘चौधरी’ची तर कितीतरी स्पेलिंगं असतात. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव हा क्रम इथला आहे, पण तिन्ही भाग सक्तीचे करू नका. तामिळनाडूहून आलेल्या कामगाराला बऱ्याचदा आडनावच नसतं आणि मग तिथे टिंब पडतं.

आकडे १०,००,००० असे दाखवा. तारखेत महिना अक्षरात लिहा. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये ०३/०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च, यावर आर्थिक वर्ष बदलू शकतं.

१२. तयार ईआरपी (सगळ्या विभागांचं एकत्र सॉफ्टवेअर) आहे, त्याचा प्रोग्राम आमच्या हातात नाही. मग काय करता येईल?

बरंच काही. नको ते रकाने भूमिकेनुसार लपवणं, नेहमीची उत्तरं आधीच भरून ठेवणं, टॅबचा क्रम, शोधण्याच्या याद्या, एरर मेसेजचा मजकूर हे बहुतेक ईआरपीत सेटिंगमधून बदलतं. ज्या एका कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो त्यापुरती छोटी वेगळी स्क्रीन करून मागे ईआरपीला जोडा. सगळं बाहेर काढू नका, नाहीतर दर अपग्रेडला रडाल.

१३. एकाच दिवशी सगळीकडे चालू करायचं की टप्प्याटप्प्याने?

टप्प्याटप्प्याने. कॅनडा सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फिनिक्स’ ही पगाराची सिस्टीम सुरू केली. खर्च आणि मुदत सांभाळण्यासाठी काही महत्त्वाच्या सोयी वगळल्या होत्या आणि ठरलेली पायलट चाचणीही रद्द केली होती. हजारो सरकारी नोकरांना पगार कमी मिळाला, जास्त मिळाला, किंवा मिळालाच नाही. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात याला अनाकलनीय अपयश म्हटलं.

एका प्लांटच्या एका गेटपासून सुरू करा. मार्चअखेर, दिवाळीआधीचा पंधरवडा आणि स्टॉक टेकिंग टाळा. जुनी स्क्रीन निदान एक पूर्ण महिनाअखेर निघेपर्यंत उघडी ठेवा, पण शेवटची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा. नाहीतर दोन्ही सिस्टीम कायमच्या चालतात.

१४. सुधारणा झाली हे दाखवायचं कसं?

बदलाआधी मोजलं असेल तरच दाखवता येतं. एका जीआरएनचा वेळ, दुरुस्त कराव्या लागलेल्या नोंदी, आयटीला आलेले फोन. लोकांना कसं वाटतं यासाठी जॉन ब्रूक यांची १९८६ मधली दहा विधानांची एसयूएस ही वापरसुलभता मोजणारी प्रश्नावली पुरते. तिचा गुण शंभरपैकी असतो, पण ती टक्केवारी नव्हे. ६८ च्या आसपास सरासरी धरतात. पहिल्या आठवड्यात मोजू नका, तेव्हा प्रत्येक नवी स्क्रीन वाईटच वाटते.

१५. तिन्ही शिफ्टचे लोक एकाच लॉगिनवर काम करतात. हे थांबवायचं कसं?

आधी ते तसं का करतात ते बघा. लॉगिनला दीड मिनिट लागत असेल, पासवर्ड दर महिन्याला बदलत असेल, किंवा कंपनीने लायसन्सच तीन घेतलेले असतील. आयकार्ड टेकवून किंवा चार आकड्यांच्या पिनने दोन सेकंदांत माणूस बदलता आला की शेअरिंग आपोआप कमी होतं. तोवर नोटीस लावून फक्त एवढं होतं की लोक ते लपून करतात, आणि ऑडिटमध्ये रात्रपाळीच्या सगळ्या नोंदी दिवसपाळीच्या माणसाच्या नावावर निघतात.

१६. रीडिझाइन करूच नये, असं कधी असतं?

सॉफ्टवेअर वर्षभरात जाणारच असेल तेव्हा. किंवा अडचण स्क्रीनमध्ये नसून नियमात असेल तेव्हा. दोनशे रुपयांच्या ग्रीसच्या डब्याला पाच सह्या लागत असतील तर सह्यांची स्क्रीन कितीही सुंदर करा, डबा आठवड्यानेच येणार. अशा वेळी आम्ही काम घेण्याआधी परचेस हेडशी बोलून मंजुरीची मर्यादा वाढवता येते का ते विचारतो. वाढली, तर पाचपैकी तीन स्क्रीन आखायच्याच राहत नाहीत.